पापण्या बघणारी सेंटर हाफ

आमच्या कंपनीत फोन एकच, आणि तो साहेबांच्या टेबलावर. भांडुपच्या एका रंगाच्या कंपनीत मी टायपिस्ट आहे. फोन आला की साहेबांसमोर उभं राहून, हळू आवाजात, दोन वाक्यांत आटपायचं अशी तिथली रीत. माझा आवाज हळू होत नाही, त्यामुळे मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं की कोणी मेल्याशिवाय मला ऑफिसात फोन करू नका. सव्वा महिन्यापूर्वी एका मंगळवारी दुपारी शिपाई येऊन म्हणाला, "नलिनीबाई, फोन आहे." पलीकडे शालनच्या वॉर्डातली जोशी सिस्टर होती. ती म्हणाली, "नलू, शालन गेली गं. आत्ताच... पावणेतीनला." मी "बरं" म्हणाले. रिसीव्हर ठेवला, साहेबांना थँक्यू म्हटलं, जागेवर आले आणि मशीनमध्ये अर्धं राहिलेलं पत्र पुरं केलं. त्यात एकही चूक झाली नाही. साहेबांनी त्यावर सही केली, पत्र पोस्टात गेलं, आणि मग मी उठून बाथरूममध्ये जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. ते पत्र कुणाला तरी मिळालं असेल, त्याने फाइलला लावलं असेल. मला अजून वाटतं, त्यात एक तरी चूक व्हायला हवी होती.

शालन गायकवाड. वय अठ्ठावीस, नोकरी स्टाफ नर्स, खेळ फुटबॉल, जागा सेंटर हाफ, म्हणजे मैदानाच्या मधोमध. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, त्यात तुमची चूक नाही. बायका फुटबॉल खेळतात हेच आपल्याकडे निम्म्या लोकांना ठाऊक नाही, आणि उरलेल्या निम्म्यांना ते बघून हसू येतं. आमच्या संघाला धड नावसुद्धा नव्हतं. आमचे फर्नांडिस सर एका शाळेत पीटी शिकवायचे. स्पर्धेच्या कागदावर संघाचं नाव म्हणून त्यांनी 'घाटकोपर मुली' असं लिहून दिलं आणि तेच चिकटलं. पुढे आमच्यातल्या तिघींची लग्नं झाली, एकीला मूल झालं, तरी आम्ही मुलीच राहिलो.

दिल्लीत एशियाड झालं आणि शेजारच्या बिल्डिंगमध्ये रंगीत टीव्ही आला, त्या वर्षी मी पहिल्यांदा मैदानावर गेले. घरी बाबांची गिरणी संपात बंद होती, मी कॉलेज सोडलं होतं, आणि घरात जो तो एकमेकांवर खेकसत होता. त्या खेकसण्याला कुठेतरी मोकळं करायचं म्हणून मी गेले म्हणा ना. सरांनी मला वर-खाली बघितलं, म्हणाले, "हाइट आहे, तोंड पण चालतं. जा, गोलमध्ये उभी रहा." मैदानाच्या कडेला एका चिंचेच्या झाडाआड एक सावळी, काटक मुलगी पांढरे लांब मोजे काढून बूट घालत होती. ड्युटीवरून थेट आली होती. दहाच मिनिटांत तिचा एक फटका माझ्या नाकावर बसला आणि रक्ताची धार लागली. ती धावत आली. मला वाटलं, आता माफी मागेल. तिने एका हाताने माझं नाक दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने माझी खालची पापणी खाली ओढली.

"बाहेर एवढं वाहतंय, पण आत आहे कुठे? पांढरी फटक पापणी आहे तुझी. काय खातेस?"

"तुला काय करायचंय?"

"मला कीपर पाहिजे. सत्तर मिनिटं उभी राहणारी."

ही आमची ओळख. बायकांचा सामना सत्तर मिनिटांचा असतो. पुढच्या रविवारी तिने सगळ्या संघाला झाडाखाली रांगेत उभं केलं आणि एकेकीची पापणी ओढून बघितली. चौदाजणींमधल्या तीनच तिच्या परीक्षेत पास झाल्या. "तुम्ही धावताच कशावर गं?" म्हणाली. त्या दिवसापासून प्रत्येक सामन्याआधी ही रांग लागायची. बूट नंतर, नाणेफेक नंतर, आधी पापण्या. केमिस्टकडून ती लोहाच्या गोळ्यांचा डबा आणायची आणि जिची पापणी फिकी तिच्या हातावर आठवड्याच्या गोळ्या ठेवायची. "रोज एक, जेवल्यावर, चहाबरोबर नाही. आणि सकाळी सगळं काळं झालं तर बोंबलत माझ्याकडे येऊ नका, ते तसंच होतं." यावर आम्ही महिनाभर हसत होतो. शेंगदाणे-गूळ रोज मूठभर, असंही फर्मान होतं. माझ्या आईला त्याचा भयंकर राग आला. आम्ही मालवणकडचे, आईचं म्हणणं, "माझ्या घरात काय चेडवाक खाऊक मिळत नाय, म्हणान ता सिस्टर शेंगदाणे खाऊक सांगता?" चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. पण वर्षभराने तीच आई चाळीच्या दारात शालनसमोर डोळा फाडून उभी असायची, आणि शेजारच्या दोघी तिच्या मागे.

एकदा आमची लेफ्ट विंग मीना घरी भांडून, रडून सामन्याला आली. तिला बघायला पाहुणे येणार होते आणि ही बुटांची पिशवी उचलून निघाली होती. शालनने तिची पापणी बघितली आणि सोडून दिली. "रडलीयस तू. रडलेल्या माणसाची पापणी लालच दिसते, आत रक्त आहे की नाही ते त्यातून कळत नाही. तोंड धुऊन ये. दहा मिनिटांनी बघते." मीना तोंड धुऊन आली, ती दहा मिनिटं शालन नुसती तिच्या शेजारी बसून राहिली. समोरचा संघ ही रांग बघून खिदळायचा. पुढे एकदा मुलुंडच्या संघाची कप्तानच सामना संपल्यावर गुपचूप आली, म्हणाली, "ताई, माझी पण बघ ना." शालनने बघितली आणि तिलाही गोळ्या दिल्या. मी म्हटलं, "वा, आता त्यांना पण धावायला लाव." तर म्हणाली, "मग काय झालं, तू आहेस ना गोलमध्ये. भोक पडलेली भिंत."

तिचा खेळ कसा होता ते मला लिहिता येईल की नाही, शंका आहे. गोलकीपरला आपल्या सेंटर हाफची फक्त पाठ दिसते. पाच वर्षं मी तिची पाठ बघितली. घाम आला की तिच्या बनियनवर मानेपासून खाली एक गडद पट्टा उतरायचा, आणि तो कमरेपर्यंत पोचला की समजायचं, पहिला हाफ संपत आला. ती फार वेगवान नव्हती, पण चेंडू जिथे येणार तिथे ती आधीच जाऊन उभी असायची. विचारलं तर म्हणायची, "वॉर्डात पण तेच करते. कोण उलटी करणार ते चेहऱ्यावरून कळतं, बेसिन घेऊन आधी जायचं." दम तिच्या अंगात घरातूनच आला होता. त्यांचं घर टेकडीवर, नळ खाली, आणि मध्ये एकशे बारा पायऱ्या. साताऱ्याकडचं हे कुटुंब तिच्या जन्माआधी मुंबईत आलं, आणि कळशी उचलता यायला लागल्यापासून शालन त्या पायऱ्या चढत होती.

सकाळी सामना आणि दुपारी ड्युटी, असा तिचा रविवार असायचा. पांढऱ्या मोज्यांचा तिला मोठा आधार होता, कारण नडगीवर कायम निळे-काळे डाग असायचे. एकदा मोजा फाटला आणि एका म्हाताऱ्या पेशंटने डाग बघितले. तिने शालनला जवळ बोलावून हळूच विचारलं, "नवरा मारतो का गं बाय?" शालन म्हणाली, "नाही आजी, मुलुंडची राइट विंग मारते." हा किस्सा तिने आम्हाला इतक्यांदा सांगितला, आणि आम्ही दर वेळी इतक्या हसलो, की आता तो लिहितानाही मला वाटतंय तीच सांगतेय. मेट्रनबाईंना मात्र हे काही पसंत नव्हतं. हाताखालच्या नर्सने चड्डी घालून मैदानात धावावं हे त्यांच्या पिढीला झेपणारं नव्हतं. पण शालनच्या कामात बोट ठेवायला जागा नव्हती, त्यामुळे त्या गप्प बसत.

ती एकदा राज्याच्या संघातून खेळून आली. परत आली ती चार दिवस तोच निळा शर्ट घालून फिरत होती. पुढच्याच पावसाळ्यात तिला देशाच्या संघाच्या शिबिराचं बोलावणं आलं. फर्नांडिस सर पेढे घेऊन मैदानावर आले, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते आमच्यावर ओरडत होते, "प्रॅक्टिस करा, काय बघता?" आणि त्याच आठवड्यात जुलाब-उलट्यांची साथ आली. वॉर्डात खाटांमधल्या जागेत, व्हरांड्यात, जिन्याखाली पेशंट. सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या. मेट्रननी शालनचा रजेचा अर्ज बघितला आणि बाजूला ठेवला. मी शालनला म्हटलं, भांड, वर जा, सरांना घेऊन जा. ती म्हणाली, "काल एका बाळाच्या हाताला शीर सापडत नव्हती. तिघी हरल्या, मला सापडली. आता मी जाऊ?" मी म्हटलं, "हो, जा. तू नसलीस तर चौथी शोधेल." ती वॉर्डात निघून गेली. मला तिचा इतका राग आला की पंधरा दिवस मी तिच्याशी बोलले नाही. सोळाव्या दिवशी ती चाळीत आली, आईची पापणी बघितली, मग माझी बघितली, म्हणाली, "रागाने रक्त वाढत नाही बरं का." त्यानंतर त्या शिबिराचा विषय तिने कधी काढला नाही. मी मात्र ते विसरले नाही, आणि तेही आता लिहिलं पाहिजे, कारण पुढे जे झालं ते त्यातूनच झालं.

या वर्षी थंडी संपताना तिच्या बोटात सुई गेली. एक पेशंट झटके देत होता, तिने हात धरून ठेवला आणि शिरेतून काढलेली सुई तिच्या अंगठ्याखाली घुसली. हे तिने आम्हाला हसत सांगितलं. नर्सच्या बोटात सुई जाणं म्हणजे शिंप्याच्या बोटात सुई जाणं, असं ती म्हणायची. साबणाने धुतलं, आयोडीन लावलं, संपलं. दोन-तीन महिन्यांनी तिची भूक गेली. सरावाला यायची पण बसून राहायची. उन्हाळा आहे, डबल ड्युटी आहे, असं म्हणायची. मग आठवडाभर आलीच नाही. आम्हाला काही वाटलं नाही, कारण आजारी पडणं हे आमचं काम होतं आणि बघणं तिचं.

आणि मग अंधेरीचा तो सामना. शिबिरासाठी पुन्हा निवड होणार होती आणि निवड समितीचे तिघे तो सामना बघायला येणार होते. घाटकोपरहून आम्ही सगळ्या एका बसने गेलो. शालन रात्रपाळीवरून परस्पर आली. तिथेही एका झाडाखाली रांग लागली. ती एकेक पापणी बघत सरकत होती, कीपर म्हणून मी नेहमीप्रमाणे शेवटची. माझी पापणी बघून म्हणाली, "ठीक. भिंत उभी आहे." मी त्या दिवशी खुशीत होते. आज हिची निवड होणार, चार वर्षांचं उट्टं निघणार, या आनंदात मी म्हटलं, "थांब. आज तुझी मी बघणार."

ती एक पाऊल मागे सरकली. "माझी कशाला? मी सिस्टर आहे."

पाच वर्षांत तिची पापणी कोणीही बघितली नव्हती, हे माझ्या त्या क्षणी लक्षात आलं. मी तिच्यापेक्षा वीतभर उंच. मी तिची हनुवटी धरली आणि अंगठ्याने पापणी खाली ओढली. तिने आधी डोळा घट्ट मिटला, मग हळूहळू उघडला. डोळ्यातला पांढरा भाग पिवळा होता. हळदीचा हात पुसलेलं फडकं असतं ना, तसा. मी नर्स नाही, पण आमच्या चाळीत दोघांना कावीळ झालेली मी बघितली आहे. मला कळलं, आणि मला कळलं हे तिला कळलं.

"नले, सत्तर मिनिटं," ती म्हणाली. "उद्या डॉक्टरांना दाखवते."

"शालन, अगं..."

"चार वर्षं थांबलेय यार. सत्तर मिनिटं."

फर्नांडिस सर दोन पावलांवर उभे होते. माझा आवाज समोरच्या गोलपर्यंत जातो असं सगळे म्हणतात. त्या दिवशी तो दोन पावलांवरच्या सरांपर्यंत गेला नाही. मी हातमोजे चढवले आणि गोलमध्ये जाऊन उभी राहिले. मी तिच्यासाठी गप्प बसले असं मी स्वतःला सांगत असते, आणि ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की ती नसती तर आम्ही पाच गोल खाल्ले असते, आणि ते मी खाल्ले असते.

ती खेळली. कशी खेळली ते निवड समितीला विचारा, मला तिची पाठ दिसत होती. दुसऱ्या हाफमध्ये दोनदा ती गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभी राहिली. दोन्ही वेळा मी ओरडणार होते आणि दोन्ही वेळा ती सरळ झाली. तिच्या पासवर मीनाने गोल केला, आम्ही जिंकलो. शिट्टी वाजल्यावर सगळ्या मीनाकडे धावल्या आणि शालन मधल्या वर्तुळात बसली. मी तिच्याजवळ गेले, तिचा हात धरून उठवलं. हात गरम होता. "जिंकलो ना," म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांना दाखवलं नाही, कारण वॉर्डात दोघी रजेवर होत्या. तिसऱ्या दिवशी ड्युटीवरच तिला चक्कर आली आणि जोशी सिस्टरने तिला तिच्याच वॉर्डात झोपवलं.

खाट पाच नंबरची. सिस्टरच्या टेबलासमोरची. ज्याच्यावर सतत नजर ठेवायची त्याला पाच नंबर देतात, हे मला शालननेच कधीतरी सांगितलं होतं. मी तिला त्या खाटेवर बघितलं आणि मला पुढचं विचारावं लागलं नाही. मी रोज ऑफिस सुटल्यावर जायची. पहिले काही दिवस ती बोलायची, मला गोळ्यांचं विचारायची, सलाइनच्या बाटलीकडे बघून स्वतःच थेंब मोजायची आणि जोशी सिस्टरला सांगायची, "जोरात चाललंय गं." मग तिचं बोलणं घसरायला लागलं. एकदा तिने मला कुठल्याशा पेशंटच्या नावाने हाक मारली.

दहाव्या दिवशी फर्नांडिस सर आले. निवडीचं पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं होतं. ते शर्टाच्या खिशातून काढून त्यांनी माझ्या हातात दिलं आणि व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. मी ते शालनला वाचून दाखवलं. डोळे मिटलेलेच होते. मला वाटलं, तिने ऐकलं नाही. मग ती म्हणाली, "रजा टाकायला पाहिजे. लिही."

मी टायपिस्ट आहे, अर्ज लिहिणं माझ्या हातचा मळ. पण तो अर्ज मला लिहिता येईना. 'माननीय मेट्रन यांस, सविनय सादर... शिबिरासाठी एकवीस दिवसांची रजा मिळावी ही विनंती.' तिने सही केली, ती ओळीवरून खाली घसरत गेली. संध्याकाळी मेट्रनबाई राउंडला आल्या. मी अर्ज लपवणार होते, पण शालन म्हणाली, "दे." मेट्रननी चष्मा लावला. अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग नेहमीच्या आवाजात विचारलं, "बदली कोण?"

शालन डोळे न उघडता म्हणाली, "जोशी."

मेट्रननी खिशातलं पेन काढलं, अर्जावर 'मंजूर' लिहिलं, सही केली, तारीख घातली आणि तो शालनच्या उशीखाली ठेवला. मग टेबलाशी जाऊन चार्ट नीट भरला नाही म्हणून जोशी सिस्टरला झापलं. झापताना त्यांचा आवाज फाटला होता. त्यानंतर शालन फारसं बोलली नाही. चार दिवसांनी, मंगळवारी, पावणेतीनला... ते मी आधीच लिहिलं आहे.

कावीळ त्या सुईतून आली, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यांना विचारलं. विश्रांती मिळाली असती तर? सामना खेळली नसती तर? ते म्हणाले, फरक पडला असता असं म्हणता येत नाही, पडला नसता असंही म्हणता येत नाही. या उत्तराचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

टेकडीवरच्या त्या घरात पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका, बुद्धवंदना, मेणबत्त्यांचा वास. शालनची आई एका कोपऱ्यात बसली होती. तिने मला जवळ बोलावून हात धरला आणि विचारलं, "तू जवळ व्हतीस ना मॅचला? तवा कशी व्हती गं तिची तब्येत?"

मी म्हटलं, "बरी होती मावशी. छान खेळली."

तिने मान हलवली आणि माझा हात सोडला. त्या एकशे बारा पायऱ्या मी कशा उतरले मला माहीत नाही.

महिन्याने आमचा सामना होता. सरांनी खेळायचं ठरवलं, आम्हीही ठरवलं. मैदानावर पोचलो आणि कोणी काही न बोलता सगळ्या झाडाखाली रांगेत उभ्या राहिल्या. सवयीने. उभ्या राहिल्या आणि मग सगळ्यांनाच कळलं की समोर कोणी नाही. कोणी हलेना. हळूहळू सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मीनाने तर पापणी अर्धी खाली ओढूनही धरली होती. मला फक्त हात पुढे करायचा होता, आणि मला तो करता आला नाही. शेवटची पापणी बघून मी गप्प बसले होते, आता दुसऱ्या कुणाची कोणत्या तोंडाने बघू? मी वळून गोलकडे चालत गेले. त्या दिवशी आम्ही किती गोल खाल्ले ते लिहीत नाही. मावशीला खरं सांगितल्याशिवाय मला पुन्हा मैदानावर उभं राहता येणार नाही, एवढं मात्र कळलं.

गेल्या रविवारी मी गेले. मावशी दारात तांदूळ निवडत बसली होती. आत फळीवर शालनचे बूट, पुसून ठेवलेले, शेजारी लोहाच्या गोळ्यांचा तो डबा. मी उंबऱ्यातच बसले आणि सगळं सांगितलं. डोळे पिवळे होते, मी बघितले होते, सर दोन पावलांवर होते, मी बोलले नाही. बोलताना मी सुपाकडे बघत होते. तिचा हात तांदळात थांबला होता.

एक खडा उचलून बाजूला टाकत ती म्हणाली, "म्या बी बगितलं व्हतं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"मॅचच्या आदल्या दिशी, शनवारी. दारात उन्हात केस वाळवत बसली व्हती. म्या म्हनलं, पोरी, डोळं पिवळं दिसत्यात. तर माझ्या तोंडावर हात ठेवला तिनं. म्हनली, आये, नलूला बोलू नगंस. तिला कळलं तर ती मला खेळू द्यायची न्हाय." ती सुपाकडेच बघत होती. "म्हनून तुला इचारलं त्या दिशी. म्हनलं, हिला दिसलं असंल का... तू म्हनलीस, बरी व्हती. मला वाटलं, एक म्याच गप बसले."

शालनला वाटलं होतं, मी तिला अडवीन. साऱ्या जगात एवढी एकच भीती तिला होती. पाच वर्षं मी मैदानभर ओरडत राहिले, ते ऐकून तिचा माझ्यावर हा भरवसा बसला होता... आणि मी हातमोजे चढवले.

मावशीने सूप बाजूला ठेवलं. पदराला हात पुसला, पुढे वाकली, आणि तिच्या खरखरीत अंगठ्याने माझी पापणी खाली ओढली. तिला ते नीट जमलं नाही, नख लागलं. "मला काय कळत न्हाय त्यातलं," म्हणाली. "ती रोज सकाळी माझी बगायची. म्हनून." मी पण हात पुढे केला आणि तिची पापणी ओढली. आम्ही दोघी उंबऱ्यात तशाच बसून होतो, एकमेकींच्या डोळ्यांत बघत. दोघींच्याही पापण्या लालभडक होत्या. रडलेल्या माणसाची पापणी लालच दिसते. आत रक्त आहे की नाही, ते त्यातून कळत नाही.